पिछाडी प्रभारी

जबलपूरच्या गोरखपूर भागात राहणारे हेमचंद्र पिंपळखुटे वीज खात्यातून निवृत्त झाले तेव्हा त्यांना शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब म्हणणारा एकही माणूस उरला नाही. गाडी गेली, ड्रायव्हर गेला, फाटकावरची पितळी पाटी तेवढी राहिली. आता पाटीला कोण सलाम ठोकतो? महिनाभर त्यांनी घरातच साहेबी करून पाहिली. पण पत्नी सुमेधाताईंनी जन्मभर कॉलेजातली पोरं वळणावर आणलेली, त्या काय ऐकतात! म्हणाल्या, "इथली जागा भरलेली आहे. तुम्ही दुसरीकडे अर्ज करा." असं म्हणून त्या पुन्हा पेपर वाचायला लागल्या.

दुसरीकडे म्हणजे 'भोर के सवार'. दर रविवारी उजाडता उजाडता चौकात जमणारा हा सायकलवाल्यांचा क्लब. कधी तिलवारा घाट, कधी डुमना, कधी भेडाघाट. कुठंतरी जायचं, पोहे-जलेबी खायची, सगळ्यांचा मिळून फोटो काढायचा नि घरी यायचं. अध्यक्ष होती सलोनी, दातांची डॉक्टर, तोंडानं गोड नि कामात करडी. कॅप्टन होता अक्षत, बँकेतल्या बदलीनं पुण्याहून आलेला पोरगा, पायात नुसती वीज. हेमचंद्रांनी महागातली सायकल घेतली, हेल्मेट घेतलं आणि आतून गादी शिवलेली ती तंग चड्डीही घेतली. चड्डी पाहून सुमेधाताई स्वैपाकघरात जाऊन हसून आल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "छान आहे."

पहिल्या रविवारी हेमचंद्र सगळ्यांत शेवटी पोचले. दुसऱ्या रविवारीही शेवटी पोचले. तिसऱ्या रविवारी ते भेडाघाटला पोचले तेव्हा पोहे संपले होते, फोटो निघाला होता आणि मंडळी परतीसाठी सायकलीवर टांग मारत होती. त्यातल्या एकानं अगदी निर्मळ मनानं विचारलं, "अरे अंकल, आज आप भी आए थे?" हे मात्र त्यांना फार लागलं. ज्या माणसाच्या सहीशिवाय निम्म्या जिल्ह्यात दिवा लागत नव्हता, तो आला होता की नाही हेसुद्धा कोणाच्या लक्षात नाही!

पण पडलो तरी नाक वर, ही पिंपळखुट्यांची खानदानी रीत. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. फौजेत ते पुढे होते की मागे, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. हेमचंद्रांनी सायकल उभी केली, श्वास जागेवर येईपर्यंत दूर कुठंतरी बघितल्यासारखं केलं आणि मग ऑफिसातल्या आवाजात म्हणाले, "मी उशिरा नाही आलो. मी मुद्दाम मागे राहून राहिलो होतो. इतके लोक हायवेवर चालले, कोणाची चेन तुटली, कोणी पडलं-झडलं, तर मागे एक जिम्मेदार माणूस नको? काहून कोणी विचार नाही केला याचा?"

मंडळी मारलेली टांग खाली घेऊन उभी राहिली. मग अक्षत म्हणाला, "काकांचं बरोबर आहे. मोठ्या क्लबांत असा माणूस असतोच. सगळ्यांच्या मागे राहतो, कोणालाही मागे सोडत नाही." सलोनीनं तिथल्या तिथं जाहीर केलं, "तो आज से हेमचंद्र अंकल हमारे पिछाड़ी प्रभारी!" टाळ्या पडल्या. प्रभारी! हेमचंद्रांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. घरी जाऊन त्यांनी ही बातमी सांगितली तेव्हा सुमेधाताई म्हणाल्या, "चला, पेन्शनीत बढती झाली." पण तो मत्सर असावा, असं ते धरून चालले.

पद मिळालं की नियम आलेच. नियम हेमचंद्रांनी स्वतः केले. पहिला नियम असा की प्रभारी आल्याशिवाय राइड पुरी झाली असं मानायचं नाही. तो आला की अध्यक्षांनी विचारायचं, "पीछे कोई?" प्रभारीनं सांगायचं, "कोई नहीं." त्यानंतरच पोहे, त्यानंतरच फोटो. आता तुम्ही म्हणाल, यात पोह्यांचा काय संबंध? अहो, तोच तर संबंध! त्या दिवसापासून हेमचंद्रांना कधी थंड पोहे मिळाले नाहीत आणि एकही फोटो त्यांच्यावाचून निघाला नाही. दोन-अडीच डझन माणसं, त्यांत डॉक्टर, वकील, फौजेतले कर्नल, सगळी पोटात कावळे ओरडत असताना रस्त्याकडे डोळे लावून उभी असायची. हेमचंद्र येताना दिसले की कोणीतरी हर्षानं ओरडायचं, "आ गए, आ गए!" असं स्वागत त्यांचं नोकरीतही कधी झालं नव्हतं.

सगळं सुखाचं होतं. सलत होता तो एकटा अक्षत. तसा पोरगा वाईट नव्हता. भेटला की वाकून नमस्कार करायचा. पण एकदा तो म्हणाला, "काका, तुमची मराठी किती गोड आहे हो, ऐकतच राहावंसं वाटतं." झालं! सात पिढ्या नर्मदेचं पाणी पिऊन जी मराठी टिकवली, ती काय कालच्या पोरानं कौतुक करायला? आणि दर रविवारी हा भर्रकन शेजारून पुढे जाताना म्हणायचा, "काका, आरामात!" त्या 'आरामात'नं हेमचंद्रांची तळपायाची आग मस्तकाला जायची. प्रभारीपद मोठं खरंच, पण मनात ते मांडे खात होते की एकदा, फक्त एकदा, या पुणेकराच्या पुढे जायचं. बाकी सगळे गेले खड्ड्यात. हे अर्थात ते कोणाशी बोलले नाहीत.

जानेवारीत क्लबची वर्षातली लांबची राइड ठरली, मझौलीची. जाताना सायकलीनं आणि येताना मिनीबसनं. सायकली एका पिकअपवर बांधून आणायच्या. हेमचंद्रांनी आदल्या दिवशी सगळ्यांना सूचना दिल्या, ब्रेक तपासा, पाणी घ्या, घाई करू नका. पोरांनी मुकाट्यानं ऐकून घेतलं.

रविवारी धुकं होतं. रिछाईच्या कारखान्यांची शटरं बंद होती आणि तिथली कुत्री नेहमीप्रमाणे सगळा जथा जाऊ देऊन शेवटच्या माणसाच्या मागे लागली. शेवटचा माणूस कोण हे सांगायला नको. कुत्र्यांना पद कळत नाही. पनागरच्या पुढे धुकं विरलं, दोन्ही बाजूंना मटाराची शेतं उजळली. मटाराची पोती भरलेल्या गाड्या भोंगे वाजवत जात होत्या. हेमचंद्र घाम पुसत, पाणी पीत, आपल्या चालीनं चालले होते. पुढचे सगळे केव्हाच दिसेनासे झाले होते.

हायवे सोडून मझौलीचा रस्ता धरल्यावर एक बंद ढाबा लागला. ढाब्यासमोर कडुनिंबाखाली एक खाट आणि खाटेशी टेकवलेली एक निळी सायकल. सायकल त्यांनी लांबूनच ओळखली. खाटेवर कॅप्टन अक्षत आडवा झालेला, हेल्मेट पोटावर, तोंडावर कोवळं ऊन, आणि स्वारी चक्क घोरत होती!

हेमचंद्रांची चाल मंदावली. प्रभारीचं काम काय? थांबायचं, उठवायचं, बाबा रे, बरं आहे ना म्हणून विचारायचं, त्याला पुढे घालायचं आणि मग आपण निघायचं. नियम त्यांचाच होता. त्यांनी ब्रेकला बोटं लावलीही. पण बोटं काही आवळली गेली नाहीत. उलट त्यांनी पायडल मारणं थांबवलं, कारण रिकामं चाक कटकट वाजलं असतं... नाही, पायडल थांबवलं तरच ते वाजतं, हे ध्यानात येऊन त्यांनी पुन्हा हलक्या पायानं मारायला सुरुवात केली. चोरासारखे, श्वास धरून, ते खाटेजवळून पुढे गेले. वळण आलं. वळणापलीकडे गेल्यावर मात्र ते असे सुटले की विचारू नका! गुडघे कुरकुरले, कमर बोंबलली, पण थांबतो कोण? "आरामात, अक्षतराव, आरामात!" असं ते मटाराच्या शेताला ओरडून सांगत होते. शेतात वाकलेल्या दोन बाया मान वर करून बघायला लागल्या.

मझौलीला ते पोचले तेव्हा घड्याळाकडे बघून सलोनीसुद्धा चकित झाली. "अरे वा अंकल! आज तो आप उड़ के आए!" टाळ्या झाल्या. हेमचंद्र हसले. आणि मग तिनं रिवाजाप्रमाणे विचारलं, "पीछे कोई?"

आता आली का पंचाईत! मागे अक्षत आहे म्हणावं, तर प्रभारी त्याच्या पुढे आलाच कसा? दिसला नाही म्हणावं, तर मग प्रभारी कसला? आणि दिसला म्हणावं, तर सोडून का आलात? साऱ्या आयुष्यात फायलींवर अशी वेळ त्यांच्यावर अनेकदा आली होती आणि दरवेळी तोंडातून आपोआप एक उत्तर निघत असे. तसंच आताही निघालं.

"कोई नहीं."

झालं, मंडळी पोह्यांवर तुटून पडली. खोव्याची काळी जलेबी आली. हेमचंद्रांच्या हातात पहिली प्लेट आली, पण त्यांचे डोळे रस्त्याकडेच. पाच मिनिटांत येईलच तो, त्यांनी स्वतःला समजावलं. जवान पोरगा आहे, जाग आली की वाऱ्यासारखा येईल. आला की आपण म्हणू, काय कॅप्टन, आज आरामात? सगळे हसतील, तोही हसेल, विषय संपेल. पाच मिनिटं गेली, मग आणखी गेली. पिकअपवाल्यानं सायकली चढवायला घेतल्या. हेमचंद्रांची सायकल चढली, तिच्या पिशवीत त्यांचा फोन होता तोही चढला. रस्त्यावरून ट्रॅक्टर आला, मोटारसायकल आली, बकऱ्या आल्या. अक्षत काही येईना. त्याला खरंच काही झालं असेल तर? झोपला होता की चक्कर येऊन पडला होता? घोरत होता ना? घोरतच होता... हेमचंद्र उठून रस्त्याच्या कडेला जाऊन बघून आले.

"ये अक्षत कहां है?" सलोनीनं विचारलं. "अंकल के दो मिनट पहले आ जाना चाहिए था उसको."

हे दोन मिनट पहले काय असतं, असं हेमचंद्र विचारणार तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिच्या एका हातात जलेबी होती, म्हणून तिनं फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला. अक्षतचा आवाज आला, धापा टाकत, रडवेला. त्याच्या मोडक्या हिंदीत तो बोलत होता.

"सलोनी, काका मिल नहीं रहे. मैं हमेशा के जैसा रुका था उनके लिए, जरा आंख लग गई. उठा तो अभी तक आए नहीं. फोन नहीं उठा रहे. मैं वापस हायवे तक जाके आया, सबको पूछा. वो पुलिया है ना, उसके नीचे भी उतर के देखा. नाले में भी देखा. कुछ समझ नहीं रहा. तुम लोग निकलो, मैं ढूंढ के लाता हूं. काकू को मत बताना अभी. मेरी ड्यूटी थी आज, मैं क्या मुंह दिखाऊं उनको?"

टेबलाभोवतीची सगळी माणसं हेमचंद्रांकडे बघायला लागली. कर्नलसाहेबांनी तर चमचा खाली ठेवला.

"ड्यूटी?" हेमचंद्रांनी हळूच विचारलं. "कायची ड्यूटी?"

सलोनीनं नजर चुकवली. मग म्हणाली, "अंकल, बुरा मत मानना. शुरू में आंटीजी का फोन आया था, कि इनको अकेला मत छोड़ना, बोलेंगे नहीं पर थक जाते हैं. तो हम लोगों ने बारी लगा ली. हर संडे कोई एक थोड़ा आगे रुकता है, आप दिख गए कि चल देता है. किसी की चेन उतर जाती है, किसी को फोटो लेना होता है." तिनं जलेबी खाली ठेवली. "अक्षत दूसरों की बारी भी ले लेता है. कहता है, काका की मराठी सुनने मिलती है."

हेमचंद्रांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढे दिवस ते ज्यांची राखण करत होते, ती सगळी माणसं आळीपाळीनं झाडाआड उभी राहून त्यांची राखण करत होती! क्लबच्या पिछाडीला माणूस होता, आणि तो माणूस बिनघोर असावा म्हणून अख्खा क्लब कामाला लागला होता. वर पोहे थंड होऊ द्यायचे ते वेगळेच. आणि आपण? एकदाच खरोखर कोणीतरी मागे होतं, तर नेमकं त्यालाच आपण सोडून आलो.

"हैलो? सलोनी?" फोनमधून अक्षत विचारत होता.

हेमचंद्र फोनवर वाकले. साहेबी आवाज काढायचा त्यांनी प्रयत्न केला, पण निघाला तो भलताच. "अक्षत, मी बोलून राहिलो. मी पोचलो मझौलीला."

पलीकडे सायकल आडवी पडल्याचा खडखडाट ऐकू आला. मग अक्षत म्हणाला, "देवा! काका, बरे आहात ना तुम्ही? कुठल्या रस्त्यानं आलात?"

"त्याच रस्त्यानं. तू खाटेवर झोपला होता."

"मग उठवलं का नाही, काका?"

प्रश्न साधा होता. रागाचा लवलेश नव्हता त्यात, असता तर बरं झालं असतं. हेमचंद्रांनी आजूबाजूला बघितलं. सगळे आपापल्या प्लेटीत बघत होते. त्यांना सुटायला जागा करून देत होते भले लोक! तुझी झोप मोडू नये म्हणून, असं एक वाक्य त्यांच्या जिभेवर तयारच होतं, आणि ते सगळ्यांनी मानूनही घेतलं असतं.

"तुझ्या पुढे जायचं होतं मला," ते म्हणाले. "एकदा तरी. म्हणून नाही उठवलं. इथं येऊन झूटही बोललो मी, की मागे कोणी नाही. तू तिकडे नाल्यात उतरून मला शोधून राहिला, आणि मी जलेबी खाऊन राहिलो. लाज वाटते, बेटा."

मग अक्षतचा आवाज आला, आणि आता तो नक्की हसत होता. "काका, स्पीड किती लागला?"

कोणीतरी फसकन हसलं. मग सगळेच हसले. हेमचंद्रांना हसू आलं नाही, डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी मफलरीनं पुसलं आणि पिकअपवाल्याला म्हणाले, "भैया, मेरी सायकल उतारो."

"अंकल, वो आ जाएगा," सलोनी म्हणाली. "बीस-पच्चीस मिनट का तो रास्ता है."

"उसके लिए. मेरे लिए नहीं," हेमचंद्र म्हणाले आणि सायकलीवर बसले. ते कमरेतून वाकडे चालले होते, पण कोणी अडवलं नाही.

अर्ध्या वाटेवर अक्षत समोरून आला. चिखलानं गुडघ्यापर्यंत माखलेला, एक बूट ओला. दोघांनी पाय टेकले. हेमचंद्रांनी त्याच्या पायाकडे बघितलं आणि पाय पुसायला आपली मफलर त्याच्या हातात दिली. मग म्हणाले, "नाल्यात काहून उतरला रे? मी काय इतका पडणारा माणूस आहे?"

"काकूंना शब्द दिला होता ना," अक्षत म्हणाला. "चला, तुम्ही व्हा पुढे. मी मागून येतो."

"नाही. तू हो पुढे."

"काका, तुम्ही थकलाय."

"थकलोच आहे. सकाळपासून. गेल्या वर्षापासून थकलोय म्हण ना." हे बोलून झाल्यावर त्यांना फार हलकं वाटलं. "तू पुढेच राहा. थांबायचं तर थांबही, मी नाही म्हणत नाही. पण आता झाडाआड नको, आणि चेन उतरल्याचं सोंगही नको. मला दिसेल असा राहा."

अक्षतनं मान हलवली आणि पुढे निघाला. त्याच्या मागून हेमचंद्र निघाले. ऊन चांगलं वर आलं होतं, तिकडे मिनीबस खोळंबली होती, माणसं ताटकळली होती. पण हेमचंद्रांनी त्या दिवशी अजिबात घाई केली नाही. मटाराच्या शेताशी ते उतरले, बायांना रामराम केला, शेंगा मागून घेतल्या, आणि पुढे रस्त्याच्या मधोमध एक पाय टेकून त्यांच्याकडे बघत उभ्या असलेल्या अक्षतला ओरडून म्हणाले, "थांब रे, मी येऊन राहिलो!"